कमी कॅलरींच्या आहारात पुरेसे लोह: सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरातून सविस्तर मार्गदर्शन

वजन कमी करायचे ठरले की घरातल्या ताटात पहिली कात्री भाकरीला लागते, दुसरी उसळीला आणि आमटीला, आणि त्यांच्या जागी दुधीचा रस, काकडी, सफरचंद, दोन पातळ फुलके असे पदार्थ येतात. कॅलरी खरोखरच कमी होतात, पण त्यांच्याबरोबर लोहही नकळत कमी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी पुरतात आणि तिच्यासाठी लोहाची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. पुरुषासाठी ती १९ मिलिग्रॅम आहे. हीच स्त्री १३०० कॅलरींवर आली तरी मासिक पाळीतून जाणारे रक्त काही कमी होत नाही, त्यामुळे लोहाची गरज जिथल्या तिथे राहते. पूर्वी दर हजार कॅलरींमागे साडेसतरा मिलिग्रॅम लोह मिळवावे लागत होते, ते आता बावीसच्या पुढे जाते. ताट लहान झाले की त्यातला प्रत्येक घास लोहाच्या दृष्टीने अधिक कसदार असावा लागतो, आणि असे ताट कसे मांडायचे हाच या लेखाचा विषय आहे.

२९ या आकड्याने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. जवळजवळ सर्व स्त्रियांची गरज भागावी एवढा वरचा तो आकडा आहे; सरासरी गरज त्याच शिफारशींमध्ये १५ मिलिग्रॅम धरलेली आहे. एखाद्या दिवशी २४-२५ मिलिग्रॅमच जमले तर काही बिघडत नाही. महिनोन्महिने आठ-दहा मिलिग्रॅमवर काढणे मात्र परवडणारे नाही, आणि तथाकथित डाएटच्या अनेक ताटांत प्रत्यक्षात तेवढेच लोह असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताक्षय आढळला होता. वजन कमी करायला घेणारी स्त्री बहुतेक वेळा याच वयोगटातली असते, म्हणजे लोहाचा साठा आधीच जेमतेम असताना ती खाणे कमी करत असते.

गरोदर आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती यांनी हा लेख माहितीपुरता वाचावा आणि आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा. दिवसाला १२०० कॅलरींच्या खाली उतरायचे असेल, तर तेही स्वतःच्या मनाने करू नये.

पहिली पायरी: आधी रक्त तपासावे

आहार बदलण्याच्या आधी रक्ताची संपूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, आणि शक्य असल्यास सीरम फेरिटिन या दोन तपासण्या करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल, तर तो रक्ताक्षय समजला जातो. पण हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी खाली येते. शरीरातला लोहाचा साठा त्याच्या बराच आधी रिकामा झालेला असतो, आणि तो दाखवणारा आकडा फेरिटिनचा असतो. तो १५ च्या खाली गेला असेल तर साठा संपल्यात जमा आहे. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, एवढे ध्यानात ठेवावे.

तपासणीचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. हिमोग्लोबिन कमी असले म्हणजे लोहच कमी असते असे नाही. शुद्ध शाकाहारी माणसांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते, आणि काही घराण्यांत थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा सौम्य प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. पहिल्या बाबतीत पालेभाजी कितीही खाल्ली तरी हिमोग्लोबिन हलत नाही, आणि दुसऱ्या बाबतीत तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेत राहिल्यास अपायही होऊ शकतो. अंगावर चरबी जास्त असणाऱ्यांच्या शरीरात सौम्य स्वरूपाची सूज सतत असते आणि तिच्यामुळे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढून आतड्यांतून लोह आत घेण्याचे काम मंदावते. त्यामुळे ‘अंगाने भरलेली आहे, हिला रक्त कसले कमी असणार’ हा समज सोडून द्यावा.

दुसरी पायरी: लोह शंभर ग्रॅममागे न मोजता शंभर कॅलरींमागे मोजावे

लोहाचे तक्ते शंभर ग्रॅम पदार्थामागे दिलेले असतात. पोटभर खाणाऱ्याला ते पुरतात. मोजून खाणाऱ्याची त्यांच्यामुळे फसगत होते. शंभर कॅलरी खर्च करून पदरात किती लोह पडले, हा हिशेब केला की आपल्या भागातल्या पदार्थांची क्रमवारी पार बदलून जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांच्या आधाराने पाहिले तर माठ आणि मेथी यांतून शंभर कॅलरींमागे सुमारे पंधरा मिलिग्रॅम लोह मिळते. मटकी, हुलगा (म्हणजे कुळीथ), हरभरा आणि मसूर यांतून दोन ते पावणेतीन मिलिग्रॅम मिळते, बाजरीतून पावणेदोनच्या आसपास, गहू आणि ज्वारीतून सव्वा, तर पांढऱ्या भातातून पाव मिलिग्रॅमही नाही.

आता गुळाकडे पाहू, कारण कराड-शिराळ्याच्या भागात गुळाविषयी वावगे बोललेले कोणाला आवडत नाही. शंभर ग्रॅम गुळात साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातले काही रस आटवण्याच्या लोखंडी काहिलीचेच असते. पण शंभर ग्रॅम गूळ म्हणजे साडेतीनशे कॅलरी. चहानंतर तोंडात टाकलेला दहा ग्रॅमचा खडा अर्धा मिलिग्रॅमही लोह देत नाही आणि पस्तीस कॅलरी मात्र देतो. साखरेपेक्षा गूळ बरा हे खरे, पण रक्त वाढवण्यासाठी गूळ-शेंगदाणे मूठमूठ खाणे हा वजन कमी करणाऱ्यासाठी उलटा मार्ग आहे, कारण शेंगदाण्यातून शंभर कॅलरींमागे जेमतेम पाऊण मिलिग्रॅम लोह मिळते. तासगावच्या बेदाण्याचेही तेच: चव उत्तम, दहा ग्रॅममध्ये तीस कॅलरी, आणि लोह फार तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. आटपाडीच्या डाळिंबाचा लाल रंग पाहून ते रक्त वाढवते अशी समजूत घट्ट बसली आहे, परंतु शंभर ग्रॅम दाण्यांत लोह सुमारे ०.३ मिलिग्रॅमच असते; बीटाचेही पाऊण मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. डाळिंब आणि बीट जरूर खावे, पण लोहाच्या खात्यावर ते मांडू नये. साताऱ्याच्या कंदी पेढ्याबद्दल तर बोलायलाच नको, कारण दुधात लोह जवळजवळ नसतेच.

तीळ मात्र या हिशेबात टिकतात. पांढऱ्या तिळाच्या दहा ग्रॅममध्ये सुमारे दीड मिलिग्रॅम लोह आणि बावन्न कॅलरी असतात, म्हणजे कॅलरीमागे ते कडधान्यांच्या बरोबरीने उभे राहतात. भाकरीबरोबर एक मोठा चमचा तिळाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी घ्यायला हरकत नाही. फक्त तिच्यावर तेलाची धार सोडू नये. अळिवाचीही गोष्ट अशीच आहे. जुन्या तक्त्यांत अळिवात शंभर ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅम लोह दाखवले जाई, नव्या मोजमापात ते सतराच्या आसपास भरते. तरीही एक चहाचा चमचा अळीव लिंबू पिळलेल्या पाण्यात भिजवून घेतले तर वीस-बावीस कॅलरींत पाऊण मिलिग्रॅम लोह मिळते. नारळ-गूळ घालून लाडू केला की हा फायदा उरत नाही.

तिसरी पायरी: पालेभाजीला ताटाच्या मध्यभागी आणावे

कमी कॅलरींच्या आहारात लोहासाठी पालेभाजीइतका उपयोगी पदार्थ दुसरा नाही, आणि आपल्याकडे ती बाराही महिने मिळते. माठ, राजगिरा, मेथी, शेपू आणि शेवग्याचा पाला हे सहज हाती लागणारे प्रकार आहेत. थंडीत त्यांच्या जोडीला चाकवत, करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचे खुडलेले शेंडे येतात, तर पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या रानभाज्या आठवडे बाजारात बायका टोपलीत घेऊन बसलेल्या असतात. माण, खटाव, जतकडच्या घरांत हरभऱ्याची भाजी वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवली जाते. भाजी दुर्मीळ होते त्या महिन्यांत तिचा चांगला आधार होतो, म्हणून ही रीत टिकवावी.

मेथीत शंभर ग्रॅममागे साडेपाच मिलिग्रॅमहून थोडे अधिक, माठात आणि शेवग्याच्या पाल्यात साडेचारच्या आसपास, पालकात सुमारे तीन मिलिग्रॅम लोह असते. पालकाचा गवगवा फार आहे. पण त्यातले लोह कमी आहे आणि त्यातली ऑक्झलेट व पॉलिफिनॉल ही द्रव्ये तेवढेही नीट शोषू देत नाहीत. पालकाचे सूप पिऊन समाधान मानणाऱ्यांनी माठाची परतलेली भाजी खावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या पुस्तकांत पालेभाज्यांचे आकडे याहून कितीतरी मोठे दिसतील. पानांना चिकटून राहिलेली माती हे त्यामागचे एक कारण मानले जाते, म्हणून आकडे पाहायचे तर नवेच पाहावेत.

प्रमाण महत्त्वाचे आहे. ताटाच्या कडेला वाढलेल्या दोन चमचे भाजीने काही साधत नाही. निवडून धुतलेली १५० ग्रॅम कच्ची पाने एका माणसाला एका वेळी लागतात; शिजल्यावर ती आळून जेमतेम एक वाटी होतात, त्यामुळे एवढी भाजी पाहून दडपून जाऊ नये. घरात वजनकाटा असेल तर एकदा भाजी मोजून पाहावी, मग किती पेंड्या आणायच्या याचा अंदाज बसतो. भाजी आधी धुवावी आणि नंतर चिरावी, उकडून पाणी फेकू नये, आणि एका माणसामागे एक चहाचा चमचा तेल पुरेसे मानावे. सात-आठ लसूण पाकळ्या, हिरवी मिरची आणि झाकणावर पाणी ठेवून दिलेली वाफ एवढ्यावर माठाची किंवा तांदुळजाची भाजी उत्तम होते. दाण्याचे कूट घालण्याची सवय मोडवत नसेल तर ते एका चमच्यावर ठेवावे. त्याऐवजी भिजवलेली मूगडाळ घातली किंवा थोडे बेसन पेरले तर कमी कॅलरींत अधिक लोह आणि प्रथिने पदरात पडतात. शेवग्याचा पाला वरणात किंवा भाकरीच्या पिठात मूठभर मिसळून टाकावा. मुलेसुद्धा तक्रार करत नाहीत.

चौथी पायरी: कडधान्याला मोड, भाकरीला बाजरी

भाजीने लोहाचा बराच डोलारा उचलला तरी उरलेला भार कडधान्यांनी आणि भाकरीनेच उचलायचा आहे, म्हणून डाएटच्या नावाखाली त्यांना घराबाहेर काढू नये. आपल्या भागात हुलगा हा लोहाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साठा आहे. त्यात शंभर ग्रॅममागे पावणेनऊ मिलिग्रॅम लोह असते. मटकीत सुमारे आठ, मसुरात सात, हरभऱ्यात पावणेसात, आणि कोरेगाव भागातल्या प्रसिद्ध वाघ्या घेवड्याच्या जातकुळीतल्या राजम्यात सहाच्या आसपास लोह असते. तुरीच्या डाळीत ते चारच्या आत राहते, म्हणून रोजच्या आमटीत आठवड्यातून तीन-चार दिवस तुरीऐवजी मसूर शिजवावी. शिजायलाही ती लवकर शिजते. हुलग्याचे पिठले आणि शेंगोळे हे प्रकार घरोघरी ठाऊक आहेतच. हुलग्याच्या माडग्यात गूळ घालण्याची रीत आहे, तिच्याऐवजी लसूण, जिरे आणि मीठ घालून ते पातळ सुपासारखे घेतले तर रात्रीच्या हलक्या जेवणाची चांगली सोय होते.

कडधान्यात लोह भरपूर असले तरी फायटेट नावाचे द्रव्य त्याला धरून ठेवते, आणि म्हणून आपल्या धान्य-डाळींच्या आहारातून प्रत्यक्ष रक्तात उतरते ते साधारण पाच ते आठ टक्के लोह असते. भिजवणे आणि मोड आणणे यांनी फायटेट कमी होते. मटकी, मूग, हुलगा रात्रभर भिजवून, पाणी टाकून, फडक्यात बांधून ठेवावेत. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच चांगले मोड येतात, थंडीत हुलग्याला अधिक वेळ लागतो. ज्वारीची किंवा नाचणीची आंबील करताना पीठ रात्रभर आंबवले जाते, त्याचाही हाच उपयोग आहे.

भाकरीपुरते बोलायचे तर बाजरीत शंभर ग्रॅम पिठामागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम, ज्वारीत चार आणि गव्हातही चारच मिलिग्रॅम लोह असते. साठ ग्रॅम पिठाची एक बाजरीची भाकरी सुमारे २१० कॅलरींची होते आणि जवळजवळ चार मिलिग्रॅम लोह देते. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते असे मानणाऱ्यांनी त्या दिवसांत ज्वारी घ्यावी आणि लोहाची तूट भाजीने भरून काढावी. भात रोज खाल्लाच पाहिजे असे वाटत असेल तर त्याचे प्रमाण सर्वांत आधी कमी करावे, कारण तो गेल्याने लोहाचे नुकसान जवळजवळ होत नाही.

पाचवी पायरी: लोहाबरोबर आंबट, आणि चहा दूर

एवढी मेहनत करून ताटात आणलेले लोह आतड्यांतून रक्तात जाण्यासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व असावे लागते. सकाळी संत्रे आणि दुपारी भाजी-भाकरी असे केल्याने फायदा होत नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात जायला हवीत. साधारण ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व जेवणाबरोबर आले तर वनस्पतींतल्या लोहाचे शोषण स्पष्टपणे वाढते. येथे लिंबाविषयी थोडा गैरसमज आहे. मध्यम आकाराच्या अख्ख्या लिंबाच्या रसात दहा-बारा मिलिग्रॅमच क जीवनसत्त्व असते, त्यामुळे लिंबाची एक फोड पिळून मोकळे होता येत नाही. पेरू मात्र यात राजा आहे: शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, आणि त्याच्या कॅलरीही मोजक्याच. अर्धा पेरू जेवणाच्या शेवटी खाल्ला तरी काम होते. आवळा, ढोबळी मिरची, कच्चा कोबी आणि टोमॅटो हेही उपयोगी आहेत. हंगामात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी स्वस्त होते तेव्हा मूठभर, म्हणजे शंभर ग्रॅम, जेवणानंतर खावी. तीस-पस्तीस कॅलरींत पन्नासेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते, फक्त तिच्यावर साखर आणि क्रीम घालू नये. द्राक्षे आपल्या भागाची शान असली तरी त्यांत क जीवनसत्त्व फारसे नसते. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू नेहमी कढई उतरवल्यानंतर पिळावे आणि कोशिंबीर जेवणाच्या तोंडावर चिरावी.

चहा हा या सगळ्यातला खरा अडथळा आहे. त्यातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे जेवणाबरोबर घेतलेला चहा वनस्पतींतल्या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक कमी करू शकतो, आणि चपातीबरोबर चहा हा आपल्याकडे कित्येक घरांत नाश्ताच असतो. चहा सोडा असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही, आणि त्याची गरजही नाही. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक ते दीड तास तो टाळला तरी पुरते. भूक मारण्यासाठी दिवसभर ग्रीन टी पिणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. कॉफीचा परिणाम चहापेक्षा कमी, पण असतो. दूध, दही, ताक यांतले कॅल्शियमही लोहाच्या आड येते. एकंदर आहारात त्याचा परिणाम मोठा नसला तरी ताकाचा पेला मधल्या वेळी घेणे सोपे आहे, मग तसेच करावे. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी कधीही एकत्र घेऊ नये. फोडणीतल्या चिमूटभर हळदीची काळजी करण्याचे कारण नाही. मात्र हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांचे लोह कमी असेल, तर त्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे.

लोखंडी कढई

डाएट सुरू झाले की तेल वाचवण्यासाठी घरात नॉनस्टिक भांडी येतात आणि लोखंडी कढई माळ्यावर जाते. ही अदलाबदल लोहाच्या दृष्टीने तोट्याची आहे. आंबट आणि ओलसर पदार्थ लोखंडी भांड्यात काही वेळ शिजला तर त्यात लोह उतरते; टोमॅटोची भाजी, चिंच-आमसूल घातलेली आमटी, चाकवताची पातळ भाजी यांत ते अधिक उतरते, तर तव्यावरच्या भाकरीत फारच थोडे. नीट वापरात मुरलेल्या कढईला एक चमचा तेल पुरते. पदार्थ शिजल्याबरोबर स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावा, नाहीतर तो काळपट होतो आणि त्याला धातूची चव येते. ज्यांच्या शरीरात लोह साठण्याचा विकार आहे किंवा ज्यांना थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांनी अशी कढई वापरू नये.

एका दिवसाचे ताट, हिशेबासह

एका शाकाहारी स्त्रीचा दिवस उदाहरणादाखल मांडतो. सकाळचा चहा उठल्याबरोबर घ्यावा आणि नाश्ता त्यानंतर तासाभराने. नाश्त्याला चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून एक चमचा तेलावर वाफवलेली उसळ, वर कच्चा कांदा, टोमॅटो आणि लिंबू, आणि शंभर ग्रॅम पेरू. साधारण २३० कॅलरी आणि पावणेचार मिलिग्रॅम लोह. दुपारी साठ ग्रॅम पिठाची एक बाजरीची भाकरी, दीडशे ग्रॅम पानांची माठाची भाजी, तीस ग्रॅम मसुराची आमटी आणि कोबी-टोमॅटोची कोशिंबीर. साधारण ४५० कॅलरी आणि तेरा मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह. मधल्या वेळी ताक, चार वाजता चहा, आणि त्यानंतर तास-दीड तासाने तीस ग्रॅम फुटाणे. फुटाण्यांचे शंभर-एकशेपाच कॅलरी आणि दोन मिलिग्रॅम लोह. रात्री तीस ग्रॅम हुलग्याच्या पिठाचे पिठले, साठ ग्रॅमची ज्वारीची भाकरी आणि भरपूर काकडी-टोमॅटो. साधारण ३७० कॅलरी आणि सव्वापाच मिलिग्रॅम लोह. दोन कप चहा आणि एक पेला ताक धरून दिवसाची बेरीज १२७० कॅलरींच्या आसपास आणि लोहाची साडेचोवीस मिलिग्रॅमच्या आसपास होते.

या मांडणीत दुपारची भाजी काढून तिथे दुधी ठेवला तर कॅलरी जवळजवळ तेवढ्याच राहतात आणि लोह सात मिलिग्रॅमने खाली येते. बाजरीऐवजी भात घेतला तर आणखी साडेतीन जातात. कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत आठवड्यातून एखाद्या दिवशी अवश्य करावे, पण त्या दिवशी रात्री पालेभाजी असावी. पुरुषांची शिफारस १९ मिलिग्रॅमच असल्याने त्यांना हे ताट लोहाच्या दृष्टीने पुरून उरते. कॅलरी मात्र त्यांनी एखादी भाकरी वाढवून घेतल्या पाहिजेत. शेतात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला १२७० कॅलरी मुळीच पुरणार नाहीत, आणि तिने या आकड्याची नक्कल करू नये.

मांसाहार करणाऱ्यांचे काम थोडे सोपे आहे, कारण मांसातल्या ‘हीम’ प्रकारच्या लोहापैकी १५ ते ३५ टक्के शोषले जाते आणि शेजारच्या भाजी-भाकरीतले लोहही त्यामुळे अधिक शोषले जाते. कोंबडीच्या किंवा बोकडाच्या काळजात लोह भरपूर आणि कॅलरी माफक असतात. पंधरा दिवसांतून एकदोनदा साठ-सत्तर ग्रॅम पुरे. गरोदर स्त्रियांनी त्यातल्या जास्तीच्या अ जीवनसत्त्वामुळे काळीज टाळावे. मटणाचा तांबडा रस्सा कितीही झणझणीत असला तरी त्याच्या तवंगात लोह नसते, ते फोडींत असते. म्हणून तवंग बाजूला सारून चरबी नसलेल्या तीन-चार फोडी घ्याव्यात. अंड्यातून एकाला जेमतेम एक मिलिग्रॅम मिळते, तरी प्रथिनांसाठी ते चांगलेच आहे.

उपवासाचे दिवस

श्रावणातले सोमवार, गुरुवार, एकादशी, नवरात्र असे उपवास ज्या घरात पाळले जातात तिथे महिन्यातले सात-आठ दिवस साबुदाण्यावर जाऊ शकतात, आणि साबुदाण्याच्या खिचडीइतका लोहाला गरीब व कॅलरींना श्रीमंत पदार्थ शोधून सापडणार नाही. त्यावर उपाय उपवासाच्या यादीतच आहे. राजगिऱ्याच्या दाण्यात शंभर ग्रॅममागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी किंवा थालीपीठ, सोबत काकडीची कोशिंबीर, लिंबू आणि पेरू असा उपवास केला तर त्या दिवसाची तूट पुष्कळ भरून निघते. तयार मिळणाऱ्या राजगिरा लाडवात आणि वडीत मात्र गुळाचा पाक दाण्याइतकाच असतो.

गोळी कधी, आणि पुन्हा तपासणी कधी

रक्ताक्षय आधीच झालेला असेल तर केवळ आहाराने तो लवकर भरून येत नाही. कमी कॅलरींच्या आहाराने तर नाहीच. त्या स्थितीत डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्यावी आणि वरची मांडणी तिच्या जोडीला ठेवावी. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाखाली ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असलेल्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. किती दिवस आणि किती वेळा घ्यायच्या हे तिथल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारून घ्यावे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा-दुधाबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळा होणे अपेक्षितच आहे. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाल्यास गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. एक दिवसाआड घेण्यासारखे पर्याय ते देऊ शकतात. गोळ्यांची पाकिटे मुलांच्या हाती लागतील अशी ठेवू नयेत, कारण लहान मुलाने एकदम बऱ्याच गोळ्या गिळल्यास जिवावर बेतू शकते.

आहार आणि गोळी नीट चालू असताना साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन वाढलेले दिसायला हवे, आणि तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहावे. हिमोग्लोबिन बरोबर आले म्हणून गोळी लगेच थांबवू नये, साठा भरायला आणखी काही महिने लागतात. आणि सगळे पाळूनही आकडा हलत नसेल तर दोष ताटात शोधत बसू नये: पाळीत जास्त रक्त जाते का, मूळव्याध आहे का, शेतात अनवाणी काम करणाऱ्याच्या पोटात आकडेकृमी आहेत का, वेदनाशामक गोळ्या वारंवार खाल्ल्याने पोटात जखम झाली आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी निघाले, तर ही तपासणी आहाराच्या प्रयोगानंतर न करता आधीच करावी.